राखेतलं बियाणं

माझ्या परसात दर वर्षी दोन फुलांना दोरा बांधलेला असतो. येणारंजाणारं कोणीतरी विचारतं, नवस आहे का? मी हो म्हणून टाकते. सगळं सांगत बसायला मला वेळ नसतो, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नसते. मूळचीच मी तिरसट. लहानपणी एकटी वाढले म्हणून तिरसट झाले, की तिरसट होते म्हणून एकटी राहिले, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्या दोऱ्याची हकीकत एकदा लिहून ठेवायला हवी, कारण ती माहीत असलेली आता मी एकटीच उरले आहे. त्या हकीकतीत एक बी वाचलं आणि एक माणूस मी हातचं घालवलं.

आमची वाडी नागावला होती, एकोणीसशे तीसच्या आधीच्या काळात. समुद्र अगदी जवळ, पण नारळी-पोफळी आड यायच्या म्हणून दिसायचा नाही. ऐकू मात्र दिवसभर यायचा. एक विहीर, विहिरीवर रहाट आणि रहाटाला जुंपलेला एक म्हातारा बैल. सकाळभर रहाट कुरकुरत फिरायचा आणि पाणी पाटातून झाडांच्या आळ्यांत जायचं. तो थांबला की वाडीत कोणी राहतच नाही असं वाटायचं. बाबा बोलायचे ते बैलाशी. भावंडं मला झाली होती, पण जगली नव्हती. शेजारच्या वाडीतली काकी कुंपणापलीकडून अधूनमधून हाक मारायची, तेवढाच काय तो बाहेरच्या माणसाचा आवाज.

आई मुरुडकडची. लग्न होऊन आली तेव्हा पदराच्या गाठीला झेंडूचं बी बांधून आली होती. पुढं साथीच्या तापात एका पावसाळ्यात तिचं माहेर पार बसलं. जायचं म्हटलं तर दार उघडायला कोणी उरलं नाही. उरला तो हा झेंडू. आमच्याकडे सगळ्यांच्या वाड्यांत पिवळा नाही तर केशरी, मोठाल्या फुलांचा झेंडू असायचा. आईचा झेंडू लहान, काळपट लाल, बोट फिरवलं तर मखमलीसारखा लागायचा. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ती तो पाटाच्या कडेला पेरायची, की गुढीपाडव्याला फुलं तयार.

पहिल्या बहरातलं सगळ्यांत भरलेलं फूल ती कधी तोडायची नाही. जुन्या लुगड्याचा दोरा काढून त्याच्या देठाला बांधायची. दोरा बांधला की ते फूल बियाण्याचं. मग ते देवालाही नाही आणि गुढीलाही नाही.

काकी कुंपणावरून म्हणायची, "देवाच्या तोंडचा घास काढतेस गो!"

"देवाला पुढच्या वर्षी पन फूल पायजे ना?" आई म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

ते फूल झाडावरच वाळायचं. मग आई त्यातल्या काळ्या, बारीक, शेपटीवाल्या बिया चोळून काढायची, सावलीत आणखी चार दिवस वाळवायची आणि राखेत कालवायची. राख साधी नाही, करवंट्यांची, फडक्यातून दोनदा चाळलेली. राखेत किडा लागत नाही, आणि पावसाळ्यातली खारी ओल बियांना धरत नाही. ते सगळं एका मातीच्या बोळक्यात भरून बोळकं चुलीवरच्या फळीवर जायचं. तिथून ते थेट पुढच्या संक्रांतीला खाली यायचं.

आईचा एक दोष सांगायला हवा. ते बी तिनं कधी कोणाला दिलं नाही. काकीनं दर वर्षी मागायचं आणि आईनं दर वर्षी "यंदा कमीच आलं गो" म्हणायचं. मी शेजारी उभी राहून बोळक्यात किती बी आहे ते बघत असायची. खोटं बोलते म्हणून तेव्हा मला मजा वाटायची. माहेर काही वाटून टाकायची वस्तू नाही, हे मला फार उशिरा कळलं. पण तिनं चिमूटभर काकीला दिलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

मी दहा वर्षांची असताना श्रावणात आई तापानं गेली. तीन दिवस ताप होता. चौथ्या दिवशी घरात मी, बाबा आणि समुद्राचा आवाज. मी शाळा सोडली आणि चूल धरली. भात करपला की मी आईच्या आवाजात स्वतःलाच रागवायची, "लक्ष कुठं होतं गो तुझं?" आणि मग माझ्या आवाजात उत्तर द्यायची, "शेंगा सोलत होते." एकदा हे चाललेलं असताना बाबा दारात येऊन उभे राहिले. मी गप्प झाले. ते मागे फिरले आणि रहाटावर जाऊन बसले. मला वाटलं, येतील, जवळ घेतील. मी बराच वेळ तशीच चुलीपुढे थांबले होते.

त्या संक्रांतीला बोळकं मीच खाली काढलं. आई करायची तसंच सगळं केलं. झेंडू उगवला, फुलला, सगळ्यांत भरलेल्या फुलाला मी आईच्या लुगड्याचा दोरा बांधला. पाडव्याला बाबांनी गुढीला माळ घातली, दोऱ्याच्या फुलाकडे एकदा पाहिलं आणि बैलाला चारा घालायला निघून गेले. त्यांना काही आठवत नसावं, असं मी धरून चालले. माणूस बोलत नाही म्हणजे त्याला माहीत नाही, असं मानायचं ते वय होतं. मी त्या फुलांशी मात्र रोज भांडायची, हट्ट करायची, कधी रुसायची. आईशी करत होते ते सगळं.

पुढच्या वर्षी तुळशीची लग्नं झाल्यावर बाबांनी दुसरं लग्न केलं.

ती माझ्यापेक्षा फार तर सहा-सात वर्षांनी मोठी असेल. घाटाच्या पायथ्याचं कुठलंसं गाव, आईबाप नव्हते, मामानं वाढवलेली. समुद्र तिनं जन्मात पाहिला नव्हता. पहिल्याच संध्याकाळी ओटीवर बसून ती बराच वेळ कान देऊन ऐकत होती. मग मला म्हणाली, "रोजच वाजतो व्हय गं असा?"

"न्हाय," मी म्हटलं, "आज तुमच्यासाठी मुद्दाम वाजतोय."

ती हसली. टोमणा तिला कळलाच नाही, की कळूनही हसली, कोण जाणे. बाबा म्हणाले, "आई म्हण तिला." मी मान हलवली आणि म्हटलं नाही. तिला मी कशानंच हाक मारायची नाही. काम असलं तर जवळ जाऊन खाकरायची, नाही तर "ऐकलं का" म्हणून सुरुवात करायची. एका घरात तीन माणसं झाली होती, पण बोलणं काही वाढलं नाही. ती सारवायची, निवडायची, पाणी भरायची आणि मधेच थांबून समुद्राच्या दिशेला बघायची. मला ते दिसत होतं. मी ते बघून न बघितल्यासारखं करत होते.

संक्रांत आली. लग्नानंतरची तिची पहिलीच. शेजारपाजारच्या बायका हळदीकुंकवाला यायच्या होत्या. आदल्या दिवशी मी काकीकडे तीळ भाजायला गेले होते. परत आले तर ओटीवर घरातलं सगळं पितळ ओळीनं मांडलेलं. घागर, परात, तांबे, समई. आमच्या घरातलं पितळ इतकं उजळ मी आई असतानाही पाहिलं नव्हतं. ती ओल्या हातांनी उभी होती, तोंडभर हसत.

"बघ गं, तोंड दिसतंय का न्हाय त्यात?"

"राख कुठली घेतलीत?"

"ती व्हती ना, फळीवर चाळून ठेवलेली. एवढी मऊ राख म्या माझ्या मामाकडं कवा बघितली न्हाय. म्हटलं, सणाची म्हनूनच राखून ठेवली आसंल."

मी आत धावले. बोळकं चुलीशेजारी पालथं घातलेलं होतं, धुऊन. आत बोट फिरवलं तर बोट स्वच्छ.

"त्यात बी होतं," मी ओरडले. "माझ्या आईचं बी होतं त्यात!"

तिचं हसू तसंच तोंडावर राहून गेलं. "मला वाटलं... तूस हाय. राखंत तूस ऱ्हायलंय वाटलं मला."

मी समोरचा तांब्या उचलून भिंतीवर मारला. त्याला पोचा आला. मग आणखी एक मारला. ती मधे आली नाही, तिनं मला धरलं नाही, ती फक्त भिजलेले हात पदराला पुसत राहिली. आवाज ऐकून बाबा आले. त्यांनी बोळकं उचललं, तळहातावर उलटं करून झटकलं. काही पडलं नाही. मला वाटलं, आता तरी ते काही बोलतील, तिला बोलतील.

"उद्या तिची पहिली संक्रांत हाय," ते मला म्हणाले. "गप ऱ्हा आता."

मी गप्प राहिले. चांगले अडीच महिने राहिले. तिच्याशी अबोला, बाबांशी अबोला. संक्रांतीला चार बायका आल्या. ती काळं लुगडं नेसून पाटावर बसली होती, आणि आलेली प्रत्येक बाई पितळेचं कौतुक करून गेली. मी रहाटाच्या खांबाला टेकून ते ऐकत होते.

घरामागे केळीपाशी भांडी घासायची जागा होती. तिथं एक चपटा दगड, राखेचा ढीग आणि नारळाची सोडणं. दोन दिवस मी त्या चिखलात बोटं घालून बी शोधलं. माशांचे खवले सापडले, भाताची शितं सापडली, काथ्याचे धागे सापडले. बी नाही सापडलं. तिसऱ्या दिवशी मी हात धुतले आणि काकीच्या कुंपणापाशी गेले. तिच्याकडे ते बी नाही हे मला ठाऊक होतं, तरीही विचारलं.

"तुझ्या आयनं दिलं असतं तर असतं की गो," काकी म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. ती मला गूळपोळी देत होती. मी ती घेतली नाही.

त्या वर्षी पाटाच्या कडेला काही पेरलं गेलं नाही. आई श्रावणात गेली होती खरी, पण माझ्या लेखी ती या पौषात गेली. आधी निदान भांडायला फुलं होती. आता मी कोणाच्याच आवाजात बोलत नव्हते.

महाशिवरात्रीच्या सुमाराला एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ती भांडी केळीपाशी घासेनाशी झाली होती. सगळी पाटी डोक्यावर घेऊन विहिरीकडे जायची, तिथं घासायची आणि पुन्हा घेऊन यायची. दोन्ही वेळा. केळीपाशी तिनं झावळ्यांचा आडोसा उभा केला होता. मी ठरवून टाकलं की बाईसाहेबांना आंघोळीला आडोसा हवा झाला. मोठी लाजाळू लागून गेली! कधी कधी ती तांब्याभर पाणी घेऊन आडोशामागे जायची आणि बराच वेळ यायची नाही. रडत असेल, असंही एकदा मनात आलं. रडू दे, म्हटलं.

पाडव्याला चार-पाच दिवस होते. काकीची एक कोंबडी कुंपणातून आत शिरली आणि नेमकी त्या आडोशामागे गेली. तिला हाकलायला मी झावळी बाजूला केली.

केळीच्या बुंध्याशी, चपट्या दगडाच्या भोवती, झेंडूची सात रोपं होती. तिच्या तांब्यातल्या पाण्यावर चांगली तरारलेली. एकाला फूल आलं होतं, काळपट लाल, लहान. त्याच्या देठाला काळा दोरा बांधला होता. तो कुठल्या लुगड्याचा आहे हे मी लगेच ओळखलं. संक्रांतीचं काळं लुगडं तिच्याकडे एकच होतं, आणि त्यानंतर ती ते नेसलीही नव्हती.

ती मागे येऊन उभी राहिली होती. "सांगनार व्हते," ती घाईघाईनं म्हणाली. "पर म्हटलं, आधी तेच हाय का बघू. म्या काय ते झाड बघितलेलं न्हाय. दुसरंच काय निघालं आसतं, तर तुला पुन्यांदा..."

"दोऱ्याचं कोणी सांगितलं?" अडीच महिन्यांनी मी तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"तुझ्या बाबांनी. फूल आलं की सगळ्यात भरलेल्याला दोरा बांध म्हनाले. देवाला पन द्यायचं न्हाय म्हनाले."

म्हणजे बाबांना सगळं माहीत होतं. सगळं त्यांच्या लक्षात होतं, आणि ते त्यांनी तिला सांगितलं होतं, मला नाही. आज मला कळतं की ते मला सांगायची गरजच नव्हती, मला ते येतच होतं. पण त्या क्षणी मला आनंद झाला तेवढाच रागही आला. आईचं फूल जिवंत होतं आणि त्याला दोरा दुसऱ्या कोणी बांधला होता. मी वाकले आणि ते फूल तोडलं. दोऱ्यासकट.

फूल माझ्या मुठीत चुरगळलं होतं. मी ते घेऊन रहाटापाशी गेले, पाटात टाकलं आणि ते वाहत पोफळींमध्ये गेलं. संध्याकाळी जेवताना बाबांनी तिला विचारलं, "फूल दिसलं न्हाय?"

"वाऱ्यानं पडलं," ती म्हणाली, आणि त्यांच्या पानात आमटी वाढली.

त्या दिवशी वारा नव्हता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि खाली बघून भात कालवला. मला जेवण गेलं नाही. दोन दिवसांनी दुसऱ्या रोपावर फूल भरलं, त्यालाही तसाच काळा दोरा आला. त्याला मी हात लावला नाही. झेंडू वाचला तो असा. वाचवला तिनं, मी नाही. हे मी कबूल करते, पण तिच्यापाशी कधी केलं नाही.

पुढच्या संक्रांतीनंतर आम्ही दोघींनी मिळून बी पेरलं. मी ओळ धरायची, ती माती लोटायची. बोलणं कामापुरतं. पेरून झालं आणि ती कमरेला खोचलेली एक पुरचुंडी काढून उभी राहिली. लहानशीच, काळ्या फडक्याची, सुपारीएवढी.

"हे पन जरा लावू का गं कडेला?" ती म्हणाली. "आमच्या डोंगरातलं हाय. येताना आनलं व्हतं."

मी तिच्याकडे न बघता म्हटलं, "इथं जागा न्हाय."

पाटाची कडा तिथून विहिरीपर्यंत मोकळी होती. तिनं ती सगळी कडा एकदा डोळ्यांनी बघितली. मग पुरचुंडी परत कमरेला खोचली आणि हात धुवायला गेली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. कधी कधी निवडताटिपताना ती सुरू करायची, "आमच्याकडं डोंगरात ना..." आणि मी काहीतरी काम काढून उठायची. घरात तिच्या गावाबद्दल विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. बाबा तर बैलाशी बोलत.

माझ्या रागाचं काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. तो गेला एवढं खरं. तिसऱ्या वर्षी मला ताप आला तेव्हा ती तीन दिवस उशाशी बसली होती, आणि चौथ्या दिवशी मी बरी झाल्यावर ओटीवर जाऊन हमसाहमशी रडली. तापाचा चौथा दिवस आमच्या घरात काय होता, हे तिला कोणी सांगितलं असेल? तेव्हापासून मला तिला हाक मारावीशी वाटायला लागली. मी रहाटापाशी जाऊन, बैलापुढे, "आई" म्हणून बघायची. बैल कान हलवायचा. पण घरात आलं की तोंडातून "ऐकलं का"च निघायचं. इतक्या दिवसांची सवय मोडायची तर कारण लागतं, आणि मला कारण सापडत नव्हतं.

पंधराव्या वर्षी वैशाखात माझं लग्न झालं. सासर मुरुडचं. आईच्याच गावाकडे मी परत चालले होते, याचं काकीला फार नवल. निघताना बैलगाडी दारात उभी होती. तिनं माझ्या ओटीत नारळ-तांदूळ घातले आणि वर बोळकं ठेवलं, तोंडाला फडकं बांधलेलं.

"भांडी घासू नगंस हां ह्यानं," ती म्हणाली.

मला हसू फुटलं. तिलाही. आम्ही दोघी एकदम हसलो, असं पहिल्यांदाच झालं, आणि हसताहसता तिचे डोळे भरले. ती पोटुशी होती, पाचवा महिना. हाक माझ्या अगदी ओठांवर आली होती. पण भोवती वऱ्हाड होतं, गाडीवान घाई करत होता, खाडीवरची तर, पलीकडे नेणारी होडी, चुकेल म्हणत होता. मी मनाशी म्हटलं, दिवाळसणाला येईन तेव्हा मारीन. नीट, दारातूनच मारीन, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

भाद्रपदात कार्ड आलं, कोपरा फाडलेलं. बाबांचं अक्षर, दोन ओळी. बाळंतपणात गेली. मूलही गेलं. पावसानं खाडी फुगलेली, तर बंद. मी नागावला पोचले तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. ओटीवरचं पितळ काळवंडलं होतं. बाबा रहाटापाशी बसले होते, रहाट बंद होता, पावसाळ्यात तो बंदच असतो. मी शेजारी बसले. समुद्र फार मोठ्यानं वाजत होता. रोजच वाजतो व्हय गं असा, असं तिनं विचारलेलं मला आठवलं, आणि त्या बिचारीला मी काय उत्तर दिलं होतं तेही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सासरच्या परसात मी बोळकं उघडलं. राख सुपात ओतली, फुंकर घालत घालत झेंडूचं बी वेगळं केलं. तळाशी काळी पुरचुंडी निघाली, सुपारीएवढी. तीच. तीन वर्षं तिनं ती कुठं ठेवली होती देव जाणे. गाठ इतकी घट्ट होती की दातांनी सोडवावी लागली. आत मोहरीहून बारीक, तांबूस बी होतं. मी सुपापुढे बसून मोठमोठ्यानं रडले. सासूबाई धावत आल्या. त्यांना वाटलं, मला काहीतरी चावलं.

इतकं जुनं बी उगवेल अशी आशा नव्हती. थोडंसं उगवलं. झेंडू फुलून संपला तेव्हा कुठं त्याला कळ्या आल्या, आणि मग बोटाच्या पेराएवढी निळसर फुलं, सकाळी उमलणारी, दुपारी मिटणारी. बाबांना विचारलं, ह्याला तिच्या गावी काय म्हणतात? बाबा म्हणाले, "मला तिनं कधी दाखवलंच न्हाय." मग म्हणाले, "म्या पन कधी इचारलं न्हाय." तिच्या मामाचा ठावठिकाणा लागला नाही. पुढं एका मास्तरांनी मला त्या फुलाचं काहीतरी लांबलचक नाव सांगितलं. मी ते विसरले. मला ते नको होतं. ती त्याला काय म्हणायची, तेवढंच हवं होतं, आणि ते सांगायला ती कितीदा तरी तोंड उघडून बसली होती.

आता बी मागायला कोणी आलं तर मी मूठभर देते. झेंडूचं देते आणि बिननावाचंही देते. दोन्हीच्या एकेका फुलाला दोरा बांधते, आणि बांधताना जवळपास कोणी नसेल तर "आई" म्हणते, चांगलं मोठ्यानं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी आधी तिचं बी पेरते, वाफ्याच्या मधोमध. आईचा झेंडू कडेला. जागा भरपूर आहे. तेव्हाही होती.